झाडे, माती आणि पाण्याचा हिशेब



वृक्षारोपण हे पुण्यकर्म होय, हा संस्कार भारतीय मनात खोलवर रुजलेला आहे. त्यातूनच ‘झाड तेथे पाणी’ असे एक समीकरणही रूढ झाले. कोरड्या प्रदेशात मात्र ते पारखूनच स्वीकारावे लागते. अशी पारख फार मोठ्या प्रमाणावर झाली, ती चीनमधील लोएस पठारावर.

पीत नदीच्या मध्य खोऱ्यात सुमारे ६.४ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले हे पठार वाऱ्याने युगानुयुगे वाहून आणलेल्या पिवळसर, भुसभुशीत मातीचे बनले आहे. हा थर काही ठिकाणी शंभर मीटरांहूनही जाड आहे. पाऊस बेताचा, वायव्येकडील कोरड्या भागात तर तो वर्षाला जेमतेम दोन-तीनशे मिलिमीटर पडतो. तोही बहुतांशी उन्हाळ्यातील थोड्या, पण जोरदार सरींनी येतो. शतकानुशतकांच्या नांगरटीने उतार उघडे पडले आणि प्रत्येक सरीबरोबर माती नदीत जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास पीत नदी वर्षाकाठी सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. त्या गाळाने पात्र उंचावे, तट फुटत आणि खालच्या मैदानातील गावे बुडत.

यावर उपाय म्हणून प्रथम पायऱ्यापायऱ्यांची शेते व बंधारे बांधले गेले. १९९९ मध्ये शासनाने आणखी एक योजना हाती घेतली. उतारावरील नांगरट सोडून तेथे झाडे वा गवत लावणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला म्हणून धान्य व रोख रक्कम मिळू लागली. त्या वर्षी पठाराचा सुमारे ३२ टक्के भाग वनस्पतींनी आच्छादलेला होता. २०१३ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांजवळ पोहोचले. बंधारे, पायऱ्या आणि हिरवाई यांच्या एकत्रित परिणामाने नदीतील गाळ पूर्वीच्या एकदशांशापर्यंत उतरला. हे यश निर्विवाद आहे.

परंतु त्याची किंमत मातीच्या पोटात मोजली जात होती. झाडाची मुळे पाणी शोषतात आणि पाने ते बाष्परूपाने हवेत सोडतात. या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. गवताची मुळे बहुधा उथळ असतात. याउलट, या पठारावर विपुल लावलेल्या रॉबिनियासारख्या वृक्षांची मुळे अनेक मीटर खोल जाऊन पूर्वीच्या वर्षांचा साठाही उपसतात. वरून मुरणारा पाऊस तेथवर पोहोचत नाही. परिणामी मातीत खोलवर एक कायमचा शुष्क थर तयार होतो. अशा जमिनीतील झाडेही पुढे खुंटतात. चीनमधील लोक त्यांना ‘छोटे म्हातारे वृक्ष’ म्हणतात. त्या नावात विनोद आहे, तसा विषादही आहे.

२००२ ते २०१७ या काळात ‘ग्रेस’ नावाच्या जोडउपग्रहांनी, आणि २०१८ पासून त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून भूपृष्ठावरील व भूगर्भातील पाण्याची घटवाढ मोजली. या पठारावर साठा घटत असल्याचे त्यातून दिसले. त्यात कोळशाच्या खाणी व सिंचनासाठीचा उपसा यांचाही वाटा आहे. सारा दोष झाडांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने स्पष्ट इशारा दिला, की येथील नवी हिरवाई उपलब्ध पाण्याच्या मर्यादेजवळ येऊन ठेपली आहे. त्यापुढील प्रत्येक झाडाचा घोट माणसाच्या वाट्यातून जाणार.

मग झाडे तोडावीत काय? याचे उत्तर पश्चिम ऑस्ट्रेलिया देते. तेथील गव्हाच्या पट्ट्यात खोल मुळांचे मूळ वृक्ष जवळजवळ सारा पाऊस वापरून टाकीत. ते तोडून गहू पेरला, तेव्हा उरलेले पाणी खाली झिरपू लागले, भूजल वर चढले आणि मातीत साठलेले क्षारही त्यासोबत वर आले. सुपीक शेते खारावली. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्याने हा संबंध १९२४ मध्येच लिहून ठेवला होता. एके ठिकाणी झाडे वाढल्याने साठा घटला, दुसरीकडे ती गेल्याने पाणी नको तितके वर आले. नियम मात्र एकच.

हा प्रश्न दूरदेशीचाच नाही. कर्नाटकाच्या कोरड्या भागात निलगिरीची लागवड विस्तारली, भूजलाविषयी तक्रारी वाढल्या आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने नव्या लागवडीवर बंदी घातली.

ग्रंथालयात देवघेवीची नोंद नीट नसेल, तर कपाटे भरलेली दिसूनही हवे ते पुस्तक हाती लागत नाही. भूमीचेही तसेच आहे. पाऊस किती पडतो, मुरतो किती, झाडे किती पितात आणि गावाच्या विहिरीला किती उरते, ही नोंद आधी हवी. मग कोठे वृक्ष, कोठे झुडूप आणि कोठे केवळ स्थानिक गवत राखावयाचे, किती अंतरावर लावावयाचे, हे ठरविता येईल. गवताचे माळरान ओसाड दिसते म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. कित्येकदा तेच माती धरून ठेवते आणि पाण्याचा फार मोठा वाटाही मागत नाही. रोप लावणाऱ्या हातांनी खालच्या विहिरीची पातळीही मोजत राहावी, एवढीच या विवेचनाची अपेक्षा आहे.