घरांतील पाण्याची राखण



ज्युबिलीच्या या आनंदांत पाण्याविषयीं बोलण्याचें आम्हीं योजिलें, याचें कदाचित् नवल वाटेल. परंतु येरळेच्या कांठचा हा वडूजचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. येथें पाणी जपून वापरण्याची विद्या प्रत्येक माउलीस अवगत आहे. तें साठवितांना त्यांत रोगही साठतो, इकडे मात्र लक्ष जात नाहीं.

वडील मंडळींस नारूचें नांव ठाऊक असेल. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याची पूर्वीं चाल होती. त्या पाण्यांत सायक्लॉप्स नांवाचे, डोळ्यांस जेमतेम दिसणारे जीव असत व त्यांच्या पोटांत नारूचे सूक्ष्म जंत. तसें पाणी पोटांत गेलें म्हणजे सुमारें वर्षानें दोन हात लांबीचा दोरा बहुधा पायाचें कातडें फोडून बाहेर येई. आग शमविण्यासाठीं रोगी तोच पाय विहिरींत बुडवी आणि पाणी पुन्हा दूषित होई. या रोगावर लस नव्हती, गुणकारी औषधही नव्हतें. तरी १९९६ सालीं देशांतील शेवटचा रोगी राजस्थानांत आढळला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें मान्य केलें. सरकारनें हातपंप बसविले, विहिरींत औषध टाकलें, पायऱ्या बंद केल्या, हें खरें. पण घरोघरीं दाट फडक्यांतून पाणी गाळण्याची सवय लागली नसती, तर तो दोरा तुटता ना, असें आमचें मत आहे.

गाळण्यानें सर्वच जंतू अडत नाहींत. अतिसार व कावीळ टाळावयाची तर पाणी चांगलें उकळावें, आणि माठांत हात न बुडवितां लांब दांड्याच्या ओगराळ्यानें तें घ्यावें. हें आपण जाणतां.

आतां डेंग्यूचें. त्याचा डांस गटारांत नव्हे, आपल्याच स्वच्छ पिंपांत वाढतो व दिवसां चावतो. अंड्याचा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एकदां भांडें रिकामें करावें, असा नियम. टँकरच्या दिवसांत "पाणी ओतून द्या" असें सांगावयास आमची जीभ रेटत नाहीं. पण ओतणें म्हणजे वायां घालविणें नव्हे. शनिवारीं तळचें पाणी धुण्यास किंवा झाडांस घालावें, आणि रिकामें पिंप आंतून कांठापर्यंत घासावें. अंडीं पिंपाच्या अंगास चिकटतात, कोरडीं पडूनही महिनेच्या महिने तग धरतात, व नवें पाणी लागतांच फुटतात. न घासतां पिंप भरणारा म्हणूनच फसतो. मोठा हौद रिकामा करणें न साधल्यास त्यांत गप्पी मासे सोडावे. करवंट्या, छपरावर टाकलेले टायर पावसापूर्वीं काढावे.

लेंकरास ताप आला तर अंगावर काढूं नये. दुकानांतून आणलेली अंगदुखीची गोळी आपल्या मनानें मुळींच देऊं नये. डेंग्यूंत कांहीं गोळ्यांनीं रक्तस्राव वाढतो व जीव धोक्यांत येतो. वैद्यकीय सल्ला त्याच दिवशीं घ्यावा.

आणि हो, मंदिराच्या दाराशीं असलेल्या पवित्र पाण्याच्या पात्रासही हीच शिस्त लागू आहे. तेथील जुनें पाणी वाटेल तेथें न टाकतां स्वच्छ मातींत ओतावें, पात्र घासून कोरडें करावें, मगच नवें भरावें.