चढण्याआधी पाहा



सुगी आटोपली की आपल्यातले पुष्कळजण बांधकामावर जातात. कोणी गवंडी असतो, कोणी सुतार, कोणी बिगारी. त्यांच्यासाठी आज चार शब्द सांगतो.

आधी डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट ऐका. मी मुख्याध्यापक होतो. शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. भिंती डोक्याच्या वर गेल्या, तेव्हा बल्ल्या आणि फळ्या बांधून परांची उभी केली. एके दिवशी दुपारी पाऊस आला, तो रात्रभर पडला. सकाळी ऊन पडले. मुकादम म्हणाला, "चला रे, काल अर्धा दिवस बुडाला." एक तरुण गडी विटांचे घमेले घेऊन वर चढला. बल्लीचे बूड ओल्या मातीत खचले. फळी निसटली. गडी खाली पडला. त्याच्या मांडीचे हाड मोडले. सहा महिने तो घरी बसला. घरात कमावता तो एकटाच होता.

लोक म्हणाले, "त्याचं नशीब!" मीही गप्प बसलो. पण नशिबाला कशाला बोल लावायचा? त्या सकाळी बल्लीच्या बुडाशी कोणी वाकून पाहिलेच नव्हते. मुकादमाने नाही, गवंड्याने नाही, आणि रोज तिथून जाणाऱ्या मीही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळी परांची नव्याने आवळली. बैल गेला आणि झोपा केला!

गाडी जुंपण्याआधी आपण चाक पाहतो, जू पाहतो, दोर पाहतो. मग परांचीवर चढण्याआधी का पाहू नये?

काय पाहायचे ते सांगतो.

परांचीच्या बल्ल्या पक्क्या जमिनीवर आहेत का? दोर सैल झाला आहे का? फळी तडकली आहे का? ती बांधलेली आहे की नुसतीच टेकवली आहे? बाहेरच्या बाजूला कठडा आहे का?

शिडी फार उभी नको, फार तिरपीही नको. चार फूट उंचीला तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर असावा. वरचे टोक बांधून टाकावे.

पायाच्या चराला भेग गेली आहे का? उपसलेली माती अगदी काठावर टाकली आहे का? एक ब्रास माती म्हणजे सुमारे चार टन ओझे. ती अंगावर आली तर माणूस दबून जातो. पाच फुटांहून खोल चराला बाजूंनी फळ्यांचा आधार द्यावा.

विजेची वायर सोललेली आहे का? ती पाण्यात पडली आहे का?

एवढे पाहायला फार वेळ लागत नाही. रोज कामाआधी पाहावे. पाऊस किंवा वादळ होऊन गेले तर पुन्हा पाहावे. हे काम एका जाणत्या माणसाकडे नेमून द्यावे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते. दोष दिसला तर दुरुस्ती होईपर्यंत कोणी वर चढू नये.

कोणी म्हणेल, "गुरुजी, बोललो तर मुकादम उद्या कामावर घेणार नाही." खरे आहे. म्हणून एकट्याने बोलू नका. चौघे मिळून बोला. बांधकाम कामगारांसाठी देशात १९९६ साली वेगळा कायदा झाला. २०२० साली सुरक्षिततेचे अनेक कायदे एकत्र करून नवी संहिता केली. दोन्हींत एक गोष्ट ठाम आहे. कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. आपण भीक मागत नाही.

शेवटची गोष्ट. आता तुम्हांला लिहिता येते. कामावर एक वही ठेवा. तारीख घाला. काय पाहिले, काय मोडके निघाले, कोणी दुरुस्त केले, ते लिहा. खाली सही करा. अंगठा नको, सही!

ती एक ओळ लिहायची म्हटली, की माणूस वाकून बल्लीचे बूड पाहतोच. आमच्या शाळेत त्या दिवशी अशी वही असती, तर तो गडी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला असता.