अंगठ्याच्या मदतीला संगणक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मासे पकडायच्या रिळावर पंधरा मिनिटं काय बोलणार, असं मला घरातच विचारलं गेलं. पण आज ज्या रिळाबद्दल बोलायचं आहे ते जरा वेगळं आहे. त्याच्या पोटात चिमुकला संगणक आहे आणि तो चालवायला बॅटरी लागत नाही. ते बनवलं जपानच्या शिमानो कंपनीनं. गिअरच्या सायकलींमुळे हे नाव आपल्या पोरांना पाठ असतं. ओसाकाला लागून असलेल्या साकाई शहरात १९२१ साली सायकलची फ्रीव्हील बनवत ही कंपनी सुरू झाली आणि पुढे १९७० मध्ये तिनं गळाच्या सामानाकडे लक्ष वळवलं.

या संगणकाचं नेमकं काम काय आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, एवढाच आजचा विषय. तलावावर आणि खाडीवर गरवायला जाणारा माणूस म्हणून मी बोलतो आहे. त्यामुळे वापरणाऱ्याच्या बाजूनंच बोलेन, विकणाऱ्याच्या नाही.

आधी साध्या रिळाची अडचण समजून घेऊ. गळाची रीळं मुख्यतः दोन जातींची. एका जातीत आमिष फेकताना तंगूस गुंडाळलेली फिरकी जागची हलत नाही. तंगूस नुसता तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी निसटत जातो. हे रीळ कुणालाही तासाभरात जमतं. दुसऱ्या जातीत फिरकी काठीला आडवी बसवलेली असते, आणि आमिष हवेत निघालं की त्याच्या ओढीनं ती स्वतःच गरगर फिरते. याला बेटकास्टिंग रीळ म्हणतात. जाड, दणकट तंगूस याच रिळावर नीट चालतो. शिवाय फिरकीवर अंगठा टेकवून आमिष हवेतल्या हवेत थोपवता येतं आणि हव्या त्या जागी अलगद सोडता येतं. मरळ शेवाळाच्या फटीत दबा धरून असते, जिताडा खारफुटीच्या मुळांशी. तिथे हात-दोन हात इकडे-तिकडे झालं तर फेक वाया जाते. म्हणून अशा माशांच्या मागे लागलेली मंडळी हे अवघड रीळ पत्करतात.

अवघड का, ते पतंग उडवलेल्यांना सांगायला नको. एकजण पतंग उडवतो, दुसरा आसारी धरून मागे उभा असतो. ढील दिली की आसारी भन्नाट फिरते. उडवणाऱ्यानं मांजा एकदम थांबवला आणि मागच्याचं लक्ष नसलं, तर आसारी आपल्याच जोरात फिरत राहते, मांजा सैल सुटतो आणि त्याची गुंतवळ होते. बेटकास्टिंग रिळात अगदी हेच घडतं. फरक एवढाच की इथे उडवणारा आणि आसारी धरणारा एकच माणूस असतो आणि आसारी सांभाळायला त्याच्याकडे एकच अंगठा असतो.

आता थोडा हिशोब करू. फिरकीचा व्यास साधारण सव्वातीन सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्याला दहा सेंटीमीटर तंगूस सुटतो. चांगल्या फेकीत आमिष सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगानं निघालं, असं धरा. तर फिरकी सेकंदाला अडीचशे फेरे घेते. मिनिटाच्या भाषेत पंधरा हजार. काठीतून सुटलेल्या क्षणापासून हवा आमिषाला अडवू लागते, त्याचा वेग उतरतो. फिरकीला मात्र हवेची फिकीर नाही, ती मिळालेल्या जोरात फिरतच राहते. आपल्या डोळ्यांनी काही टिपून हातानं हालचाल करायला ढोबळमानानं सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात फिरकीचे पन्नास फेरे झालेले असतात, म्हणजे पाच मीटर तंगूस! गुंता दिसल्यावर अंगठा दाबणं याला काही अर्थ नाही. मुरलेल्या माणसाचा अंगठा गुंता व्हायच्या आधीच फिरकीवर अलगद टेकलेला असतो. त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. शेकडो गुंते सोडवून ते अंगात आलेलं असतं.

या अंगठ्याला मदत करायची खटपट फार जुनी आहे. आणि गंमत म्हणजे ती करणारे बरेचसे घड्याळवाले होते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पॅरिस नावाचं गाव आहे. तिथल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चक्रं लावलेली रीळं बनवली. हँडलचा एक फेरा केला की फिरकीचे अनेक फेरे व्हायचे. त्याच राज्यात फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी पुढे ही रीळं नावारूपाला आणली, तेही घड्याळंच करणारे. स्वीडनमधली आबू ही कंपनीही १९२१ चीच. 'उर' म्हणजे स्वीडिश भाषेत घड्याळ, आणि आबू या आद्याक्षरांतला शेवटचा 'ऊ' त्या घड्याळाच्या कारखान्याचाच. टॅक्सीचे मीटर करता करता ती रिळांकडे वळली आणि १९५० च्या दशकात तिचं अँबॅसॅडर हे लाल रीळ जगभर गेलं. बारीक दाते आणि कमी घर्षणाची बैठक ही घड्याळजींची विद्या. फिरकी हलकी फिरावी यासाठी त्यांनी जीव ओतला. पण फिरकी जितकी हलकी फिरेल तितकी ती आवरायला कठीण, हा पेच त्यातूनच वाढला.

त्यावर दोन उपाय निघाले. एकात फिरकीसोबत फिरणारे छोटे ठोकळे वेगानं बाहेर फेकले जाऊन कड्यावर घासतात. दुसऱ्यात फिरकीच्या कडेला लोहचुंबक असतात. ते धातूला स्पर्श न करता तिची गती ओढून धरतात. दोन्ही उपाय चांगलेच, आजही बहुतेक रीळं त्यांवरच चालतात. पण फेकीत नेमकं केव्हा अडवायचं आणि केव्हा मोकळं सोडायचं, याची निवड त्यांना करता येत नाही. ब्रेक घट्ट लावून ठेवला की गुंता टळतो आणि फेकही आखूड होते. सैल ठेवला तर फेक लांब जाते, आणि वाऱ्याचा एक झोत आला की पुढचा अर्धा तास गुंता सोडवत बसायचं.

शिमानोनं २००३ साली जपानमध्ये जे रीळ आणलं त्याचा वेगळेपणा इथे आहे. त्याचं नाव होतं कलकत्ता कॉन्क्वेस्ट डीसी. (गळाच्या दुनियेत कलकत्ता हे नाव तसं जुनंच. एकेकाळी आपल्या बंगालचा बांबू काठ्यांसाठी अमेरिकेत जाई, तो 'कलकत्ता केन' म्हणूनच ओळखला जायचा.) डीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल. यात फिरकीलाच लोहचुंबक जोडलेलं असतं आणि शेजारच्या झाकणात तारेची वेटोळी. फिरकी फिरली की वेटोळ्यांत वीज तयार होते. त्याच विजेवर इवलासा संगणक जागा होतो आणि सेकंदाला हजार वेळा फिरकीचा वेग तपासतो. मघाचे अडीचशे फेरे आठवा. म्हणजे एका फेऱ्यात चारदा तपासणी. वेग शिगेला पोचून उतरायला लागला की तोच क्षण धोक्याचा. तेव्हा संगणक ब्रेक आवळतो, आणि धोका सरला की ढील देतो.

ब्रेक कसा लागतो, ते ज्यांनी डायनॅमोची सायकल चालवली आहे त्यांना लगेच कळेल. दिवा लावायला डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड व्हायचं. वीज निर्माण करायची तर कुठून तरी जोर खर्च व्हायलाच हवा. इथे तोच जडपणा कामाला लावला आहे. संगणक वेटोळ्यांतला प्रवाह चालू-बंद करतो आणि त्या प्रमाणात फिरकी जड किंवा हलकी होते. घासणारा भाग एकही नाही.

या ब्रेकला आवाजही असतो. तो शब्दांत सांगण्यापेक्षा तुम्ही ऐकाच.

(इथे फेकीच्या वेळचा रिळाचा आवाज ऐकवण्यात आला.)

ऐकलात? आधी उंच जाणारी बारीक शीळ आणि मग उतरत उतरत विरणारी. काहींना हा आवाज कर्कश वाटतो. मला तो उपयोगी वाटतो. ब्रेक केव्हा लागला आणि केव्हा सुटला ते कानाला कळतं, आणि आपली फेक झटक्याची होती की सलग होती तेही कळतं.

पहिली काही वर्षं हे तंत्र फक्त महागड्या रिळांत होतं. २०१८ साली कुराडो डीसी २५० डॉलरना आलं. त्या वेळच्या दरानं ते सतरा हजार रुपयांच्या आसपास जातं. पाठोपाठ एसएलएक्स डीसी १९० डॉलरना. पारख करायला हे शेवटचं फार सोयीचं, कारण तसल्याच घडणीचं बिनसंगणकाचं एसएलएक्सही मिळतं आणि ते आलं तेव्हा शंभर डॉलरचं होतं. म्हणजे संगणकाची किंमत झाली नव्वद डॉलर. दोन्ही एकाच काठीवर, सारख्याच तंगुसानं आणि एकाच वजनाच्या आमिषानं फेकून पाहिली की त्या नव्वद डॉलरचं काय झालं ते उघड होतं.

जाहिरातीत भर असतो लांब फेकीवर. माझ्या मते तो चुकीच्या जागी आहे. वारा पडलेला असताना, अंगठा तयार असलेल्या माणसाच्या हाती साधं रीळ तेवढंच लांब फेकतं, कधी दोन पावलं पुढेही. कारण तो ब्रेक जवळजवळ काढून टाकतो आणि सगळी भिस्त अंगठ्यावर ठेवतो. संगणकाच्या रिळात ब्रेक थोडा तरी लागतोच. पण दुपारी खाडीवर समोरून वारा सुटला की चित्र पालटतं. साध्या रिळाचा ब्रेक दर दहा मिनिटांनी कमी-जास्त करावा लागतो. डीसी रिळाला बाहेरून एक ते चार आकड्यांची चकती असते. ती तीनवर किंवा चारवर नेली की बहुतेक वेळा पुन्हा तिकडे पाहावं लागत नाही. अंधारात, जिथे तंगूस सैल पडलेला दिसतच नाही, तिथेही तसंच. लांबी वाढत नाही, पण दहा फेकींपैकी दहाही सारख्या पडतात. गळ टाकणाऱ्याला खरं तर हेच हवं असतं.

मर्यादाही रचनेतच आहेत. संगणकाला आमिष दिसत नाही, त्याला फक्त फिरकीचा वेग कळतो. आमिष पाण्यावर टेकलं की फिरकी थांबवायची ती अंगठ्यानंच. फार हलक्या आमिषाला हे रीळ नाही. फिरकी पुरेशी वेगानं फिरलीच नाही तर वीज पुरेशी होत नाही आणि लोहचुंबकाचं वजन मात्र ओढावंच लागतं. आणि जुनं रीळ बिघडलं तर स्क्रू-ड्रायव्हर, तेल आणि थोडा धीर यांवर घरी दुरुस्त होतं. इथे संगणकाचा भाग बंद डबीत असतो, तो बिघडला तर बदलायचा. खाऱ्या पाण्यावर वापरणाऱ्यानं हा खर्च मनात धरूनच रीळ घ्यावं.

जुन्या मंडळींचा एक आक्षेप असतो, की यानं अंगठा आळशी होतो. मला तो अर्धाच पटतो. ज्याला आठवड्यातून तीन दिवस पाण्यावर जायला मिळतं त्यानं अंगठाच तयार करावा. त्यातली मजा कुठल्याही यंत्रात नाही. पण महिन्यातून एक रविवार मिळणारा माणूस पहिल्या तीन रविवारी गुंतेच सोडवतो आणि चौथ्या रविवारी रीळ माळ्यावर टाकतो. अशी माळ्यावरची रीळं मी पुष्कळ पाहिली आहेत.

शिवाय गुंता काही फक्त आपल्याच माथी बसत नाही. न सुटणारा गुंता सुरीनं कापला जातो आणि तो पुंजका बहुतेक वेळा काठावरच पडतो. नायलॉनचा तंगूस कुजत नाही. वर्षानुवर्षं तो गवतात, खारफुटीत, पाण्यात राहतो. बगळे, पाणकावळे यांचे पाय आणि पंख त्यात अडकतात, कासवं अडकतात. काठावर एकदा असा बांधला गेलेला बगळा पाहिला, की रिळाचा ब्रेक ही चैनीची गोष्ट वाटेनाशी होते. गुंते कमी झाले तर कापाकापी कमी होईल, हा या नव्वद डॉलरचा हिशोब मला लांबीच्या हिशोबापेक्षा जास्त पटतो. पुंजका कापावाच लागला तर खिशात घालून घरी आणायचा, त्याला संगणक लागत नाही.

घ्यायचंच ठरवलं तर एक सांगतो. दुकानात फिरकी बोटानं फिरवून या रिळाची पारख होत नाही. संगणकाला त्याची करामत दाखवायला जो वेग लागतो तो बोटात नसतो. कुणा मित्राकडचं मागून घ्या, त्यावर तुमचा नेहमीचा तंगूस भरा आणि वाऱ्याचा दिवस बघून निघा. पहिल्या वीस फेकी चकती चारवर ठेवून करा, मग एकेक आकडा खाली या. दोनवर येऊनही गुंता झाला नाही, तर पुढच्या वीस फेकी त्याच काठीवर साधं रीळ लावून करा, आणि मग पैशाचा विचार करा.