सत्तरीच्या दशकांतील मेजवानी

गेल्या महिन्यांत मुलुंडच्या एका मित्राकडून जेवणाचें आमंत्रण आलें. त्यांत अट अशी होती कीं, पाहुण्यांनीं १९७० ते १९७९ या काळांतील पेहराव करून यावें. जेवण, गाणीं, गप्पा, सारें त्याच काळांतलें असेल. आम्ही शाळेपासूनचे सोबती, आणि आज सर्वच सत्तरीच्या उंबरठ्यावर उभे. तेव्हां अशा पाहुण्यांनीं सत्तरीच्या दशकांत जेवावयास जाण्यांत विसंगत असें कांहींच नव्हतें. विसंगत होती ती फक्त माझी विजार. पायाशीं घंटेसारखी पसरलेली, पण पोटाशीं कांहीं केल्या जुळेना!

तशा वेषांत मीं अंधेरीहून प्रस्थान ठेविलें. घाटकोपरपर्यंत मेट्रो, पुढें लोकल. त्या काळीं हाच प्रवास आम्ही दादरला गाडी बदलून करीत असूं.

यजमानांनीं दिवाणखाना मोठ्या हौसेनें सजविला होता. कोपऱ्यांत लांकडी रेडिओ, भिंतीवर 'बॉबी' आणि 'शोले' यांचीं चित्रें, आणि आरेच्या दुधाची कांचेची बाटली, तीही कोठून पैदा केली देव जाणे. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन सुरू झालें, तेव्हां अख्खी चाळ एका खोलींत कशी मावत असे, याची आठवण निघाली. मेजावर मसालेभात, अळूवडी, श्रीखंड-पुरी आणि जिलब्यांचा ढीग.

मित्राच्या मातोश्री, आमच्या काकू, खिडकीजवळ बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनीं मेजाकडे बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "अरे, हें जेवण कोणत्या सालचें?"

"त्रेहात्तर सालचें समज, आई."

"मग मिलो कोठें आहे?"

नातीला वाटलें, हें एखाद्या पेयाचें नांव असावें. आम्ही मात्र एकमेकांकडे पाहूं लागलों. १९७२ च्या दुष्काळानंतर अमेरिकेंतून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी थापतांना चिरा जात आणि गार झाली कीं ती चावतां चावत नसे. आमच्या सजावटींत तिला जागा मिळाली नव्हती.

मग काकू बोलूं लागल्या. दुष्काळ, त्यांत १९७३ च्या ऑक्टोबरांतील अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव कडाडलेले. गोडें तेल, साखर, रॉकेल, ज्याला त्याला रांग. १९७२ मध्यें महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली होती; तिच्या मोर्चाला काकू चाळींतल्या बायकांबरोबर लोकलनें गेल्या, एका हातांत थाळी, दुसऱ्या हातांत लाटणें. गोरेगांवच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, हीं नांवें त्यांनीं घरच्या जावा-नणंदांचीं घ्यावीं तशीं घेतलीं. "थाळी वाजवून वाजवून मनगट सुजलें होतें," त्या म्हणाल्या, "आणि घरीं येऊन पुन्हां त्याच लाटण्यानें पोळ्या लाटायच्या होत्या."

रॉकेलच्या रांगेंत आम्ही मुलेंही उभीं राहत असूं. पण तो आम्हांस एक खेळ वाटे. त्या रात्रीं लागलेलीं गाणीं कांहीं खोटीं नव्हतीं. परंतु तीं ऐकावयास आम्हांस मिळणारी फुरसत दुसऱ्याच कुणाच्या तरी कष्टांतून आलेली होती, हा विचार निदान माझ्या मनाला कधीं शिवला नव्हता.

काकू पुढें म्हणाल्या, "तुम्ही पोरें अभ्यासाला येत होतां ना, तेव्हां चार वाजले कीं माझ्या पोटांत गोळा उठे. डबा उघडायचा, आणि साखर आज घालावी कीं उद्यांसाठीं ठेवावी, याचा हिशेब करायचा."

त्यांच्याकडचा चहा आम्हांस कधींच अगोड मिळाला नाहीं. त्या स्वतः मात्र बिनसाखरेचा घेत. "मला गोड चहा आवडत नाहीं," असें त्या सांगत, आणि आम्हीं तें पन्नास वर्षें खरें मानलें होतें.

त्या रात्रीं काकूंनीं जिलबीचें दुसरें कडें स्वतः मागून घेतलें. मला मात्र दुसऱ्यांदा श्रीखंड घेववेना. पण यजमानांचा आग्रह मोठा, शेवटीं घेतलेंच.

निघतांना ठरलें कीं, पुढची मेजवानी ऐंशीच्या दशकांतील करावयाची. पेहरावाची चर्चा सुरू झाली, तोंच खिडकीकडून आवाज आला, "करा, अवश्य करा. पण ब्याऐंशीच्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, एवढें आतांच सांगून ठेवतें."