मुलांना काय द्यावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"ख्रिस्ती घरात मुलांना संसाराची कामे आणि श्रद्धा कशी शिकवतात, यावर चार शब्द बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी जरा घाबरलेच. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचे एकच. नाताळातल्या करंज्या तुमच्याकडे जातात, गणपतीतले मोदक आमच्याकडे येतात. पण मुलांना आम्ही काय शिकवतो हे आजवर कोणी विचारले नव्हते. आणि खरे सांगायचे तर ते मला स्वतःला साधले आहे की नाही, याचीच मला शंका होती. ती शंकाच आज तुमच्यापुढे मांडते.

आमच्या घरचा नेम साधा आहे. दिवेलागणीनंतर सगळ्यांनी एकत्र बसायचे, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, एक गीत म्हणायचे नि प्रार्थना करायची. तुमच्याकडे शुभंकरोती नि परवचा, तसेच हे. रविवारी सकाळी उपासनेला जायचे. कामाच्या बाबतीत मुलगा-मुलगी असा भेद ठेवायचा नाही, हा दुसरा नेम. आपले ताट आपण उचलायचे, तांदूळ निवडायचे, सदऱ्याचे बटण आपले आपण लावायचे, बाजारातून आल्यावर पैशांचा हिशेब द्यायचा. मुलाला मी नारळ खवायला बसवले तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडले होते. पण खवलेल्या नारळाची सोलकढी त्यांनीही आवडीने घेतली!

असे सगळे सुरळीत चालले असता, मुलगा सतरा वर्षांचा झाला नि एका रविवारी म्हणाला, "आई, मी येत नाही. मला तिथे काही वाटत नाही. उगीच डोळे मिटून कशाला बसू?" मी त्याला बोलू नये ते बोलले. दोन महिने त्याला ओढून नेले. तो माझ्याशेजारी दगडासारखा बसे. घरी आल्यावर आमच्यात बोलणे म्हणून उरले नाही.

त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच जिल्ह्यातले. करजगावला १८६१ साली त्यांचा जन्म झाला. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. पदरात लहानगा दत्तू. त्या माउलीवर आकाशच कोसळले! पुढे नगरला त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. जातिभेद हा माणसाचा केलेला आहे, हे त्यांचे त्यांना पटले, आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा स्वभाव तापट, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसते. पण त्या तापट माणसाने या एका गोष्टीत पाच वर्षे वाट पाहिली. आणि मी? मला दोन महिने धीर निघाला नाही.

बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखी माया लावली. ते आपल्या धर्मातच राहिले, म्हणून त्या मायेत काही उणे आले नाही. हे वाचले नि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

मग दुसरी आठवण झाली ती पंडिता रमाबाईंची. त्यांना संस्कृत शिकवले त्यांच्या आईने. आणि आईला शिकवले होते अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकांचा विरोध सोसून. पुढे रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदन काढले. दुष्काळातल्या अनाथ मुली, टाकलेल्या बायका तिथे आल्या. रमाबाईंनी त्यांना प्रार्थना शिकवली, पण नुसती प्रार्थना नाही. शेती, विणकाम, छापखान्यातले खिळे जुळवणे, असे पोट भरण्याचे धंदे शिकवले. रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते छापण्याचे काम त्या सदनातल्या बायकांच्याच हातून झाले.

भगिनींनो, यावरून मला जे कळले ते असे. हातात काम नसलेला माणूस दुसऱ्याच्या आधाराने जगतो, आणि आधार देणाऱ्याचा देव तो मुकाट्याने आपला म्हणतो. त्याला आपण श्रद्धा म्हणतो, पण ती पुष्कळदा लाचारी असते. ज्याला आपली भाकरी आपण मिळवता येते आणि भाजताही येते, तोच मनापासून हात जोडू शकतो, किंवा मनापासून 'नाही' म्हणू शकतो. म्हणून कामाची शिकवण आणि श्रद्धेची शिकवण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत.

त्या रविवारी मी मुलाला म्हटले, "बाबा, तू येऊ नकोस. पण आम्ही येईपर्यंत स्वयंपाक तुझा." तो कबूल झाला. पहिल्या दिवशी भात लागला. तिसऱ्या रविवारी कुळथाचे पिठले असे झाले की माझ्या हातचे तसे होत नाही. जेवताना आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

त्याच पावसाळ्यात मी तापाने अंथरूण धरले. त्याने पेज करून दिली, लोणच्याची फोड पुढे ठेवली. दिवेलागण झाली तसा तो शास्त्र घेऊन उशाशी बसला नि उतारा वाचू लागला. मी त्याच्याकडे पाहिले तर म्हणाला, "तुझा नेम चुकू नये म्हणून." त्याची श्रद्धा आहे की नाही, हे मी विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही. नाताळला तो येतो. इतर रविवारी कधी येतो, कधी नाही. माझी प्रार्थना चालू आहे, आणि ती मी त्याला ऐकू जाईल अशी मोठ्याने करत नाही.

आणखी एक. टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभले नि १९१९ साली ते वारले. ज्यांना जोडाक्षरांनी छळले त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३६ साली त्याही गेल्या. शेवट केला तो मुलाने, देवदत्ताने. 'स्मृतिचित्रे' लिहिण्यामागेही याच मुलाचा आग्रह होता. तेव्हा आईबापच शिकवतात नि मुले शिकतात, असे काही नाही. मला माझ्या मुलाने वाट पाहायला शिकवले.

शेवटी मंडळाला एक विनंती. मुलींसाठी आपण शिवणाचा वर्ग चालवतो. येत्या मेच्या सुटीत मुलग्यांसाठी स्वयंपाकाचा वर्ग काढू या. सर्व घरांतले, सर्व धर्मांचे मुलगे येऊ देत. नारळ खवायला मी शिकवीन; पिठले शिकवायला माझ्या मुलाला पाठवीन.