बॅटरी नवी, तरी फ्रिज बंद

हेडफोन लावलेत ना? आज वायरींची गोष्ट सांगतो. इलेक्ट्रिकल म्हटलं की लगेच पुढे ढकलू नका, यातलं गणित फक्त बेरीज-वजाबाकीचं आहे.

माझ्याकडे २००९ सालची एक जुनी व्हॅन आहे. मागच्या सीटा काढल्या, पलंग ठोकला, छोटा १२ व्होल्टचा फ्रिज बसवला. इंजिनाला एक बॅटरी, आणि घरासाठी म्हणजे लाइट, पंखा, फ्रिजसाठी दुसरी. इंजिन चालू असलं की डायनॅमो दोन्ही चार्ज करतो. झालं आपलं चालतं-फिरतं घर!

तर, मे महिना. धुळ्याहून एरंडोलजवळच्या पद्मालयाला निघालो. सोबत माय होती. तिला मधुमेह आहे, इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या. त्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि खान्देशातला मे तुम्हाला माहीतच आहे. दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नसते.

आता खरी मेख ऐका. हा फ्रिज आधीही रात्री बंद पडायचा. एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले बॅटरी गेली. नवी टाकली. पैसे गेले, म्हटलं जाऊ दे, प्रश्न मिटला.

पारोळ्याला मुक्काम केला. रात्री अकराला टिक... आणि फ्रिज बंद. माय अंधारात उठून बसली, "काय व्हयनं रे भाऊ, फ्रिज बंद पडना का?" माझ्या पोटात गोळाच आला.

आधी बाटल्या वाचवल्या. चौकातल्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, थर्मासमध्ये भरला, बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून वर ठेवल्या. बर्फाला थेट चिकटू द्यायच्या नाहीत हं, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

मग जळगावच्या मामेभावाला फोन लावला. तो ट्रॅक्टरचं वायरिंग करतो. मी म्हटलं, "अरे, बॅटरी १२.६ दाखवतेय, फुल आहे!" तो म्हणाला, "दादा, बॅटरी मोजून काय करशील? रस्ता मोज. करंट जातो, तसा परतही यावा लागतो."

मीटर डीसी २० वर ठेवला. फ्रिजचं बटण परत दाबलं, कारण लोड चालू असतानाच मोजायचं, बंद असताना सगळं चांगलंच दिसतं. बॅटरीवर १२.५. फ्रिजच्या सॉकेटवर १०.९. म्हणजे १.६ व्होल्ट वाटेतच गायब! माझ्या फ्रिजचा कटऑफ ११ च्या आसपास आहे, म्हणून तो बंद पडत होता.

आता चोर शोधायचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सॉकेटच्या प्लसवर. ०.१ आलं. ठीक. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी सॉकेटच्या मायनसवर. १.५! चोर सापडला, काळ्या वायरीत.

टॉर्च घेऊन खाली शिरलो. काळी वायर चेसीसला जिथे बोल्टने कसली होती, तिथे खाली रंग होता आणि वर गंज. हात लावला तर बोल्ट कोमट. फ्रिज साधारण ५ अँपिअर घेतो, ५ गुणिले १.५ म्हणजे साडेसात वॅटची उष्णता त्या एका जोडावर. आणि हा जोड पलंगाखालीच! तिथेच हीटर किंवा इन्व्हर्टर जोडला असता तर काय झालं असतं, विचार करा.

मग दिवसा फ्रिज का चालायचा? कारण इंजिन चालू असताना डायनॅमो १४ च्या आसपास देतो. त्यातून दीड गेला तरी साडेबारा उरतात. रात्री इंजिन बंद, की लगेच ११ च्या खाली. म्हणूनच बॅटरीवर संशय गेला.

सकाळी दुरुस्ती केली. आधी बॅटरीची मायनस वायर सोडली, ही सवय लावून घ्या. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने चेसीस चकचकीत घासला, वायरीला नवं थिंबल दाबलं, घट्ट कसलं, वरून ग्रीस लावलं. बॅटरीची वायर परत जोडून मोजलं, सॉकेटवर १२.३. खर्च? चहाएवढा. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

आणखी एक. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. १० चा काढून ३० चा टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते. आणि हे सगळं १२ व्होल्टचं बोललो. इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला स्वतः हात घालू नका, तिथे जाणकार माणूसच बोलवा.

पद्मालयाला दुपारी पोहोचलो. मायने दर्शन घेतलं आणि मला म्हणाली, "देवले सांगं मी, पोरगाले मीटर घेवानी बुद्धी दिनी तूनी."

तुमच्या जुन्या गाडीतली, ट्रॅक्टरमधली किंवा स्कूटरमधली अशी गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि नवी बॅटरी घ्यायच्या आधी काळी वायर तपासा. भेटू पुढच्या भागात!