पगाराचा कागद कुणाच्या हातात?

(रत्नागिरी येथे महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कोकणाने कित्येक वर्षे मनिऑर्डरवर घर चालवले. पुरुष मुंबईच्या गिरणीत, बोटीवर, नाहीतर आखातात, आणि बाई गावात. आता मुलीही परदेशी निघाल्या आहेत, काही जणी कायमच्या राहायला. म्हणून आज एका साध्या कागदाविषयी बोलते.

मागच्या वर्षी एक परिचारिका माझ्याकडे आली. एका खाजगी रुग्णालयात सहा वर्षे नोकरी. तिला कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा होता. तिथे २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' ही पद्धत आहे. तीत कुशल कामाचा अनुभव मोजतात, पण काम पगारी असावे लागते. त्यासाठी मालकाचे पत्र लागते. त्यात हुद्दा, प्रत्यक्ष कामे, तारखा, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि वरिष्ठांची सही हवी. ब्रिटनमध्येही कुशल कामगाराला कायम वास्तव्य मागताना मालकाचे पत्र आणि पगाराचे पुरावे द्यावे लागतात.

तिला मिळाला दोन ओळींचा दाखला. काम समाधानकारक, वर्तणूक चांगली. पगाराचा आकडा लिहायला मालकाने साफ नकार दिला. का? ती रजिस्टरवर एका रकमेपुढे सही करायची आणि पाकिटात त्याहून कमी यायचे. पहिले वर्ष तर 'शिकाऊ' म्हणून बिनपगारीच गेले. ते मोजलेच जाणार नव्हते. पुढे पगार बँकेत जमा होऊ लागला, तोही वडिलांच्या खात्यात!

मी म्हटले, तक्रार करू या. ती म्हणाली, "ताई, तक्रार केली तर उरलेसुरले पत्रही मिळायचे नाही." कुणी तिला बनावट पत्राची वाट दाखवली होती. ती मी मोडून काढली. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर कॅनडाची दारे पाच वर्षे बंद होतात. मग आम्ही ड्युटीचे तक्ते, सोबतिणींची लेखी निवेदने जमवली. पत्र का मिळत नाही याचे स्पष्टीकरण जोडता येते. पण ते मान्य होईलच असे नाही, हेही मी तिला सांगितले.

ही एकटीची चूक नाही. घरात मागायची सवय लावली जात नाही, आणि नोकरीत मागितले तर 'उद्धट' ठरवतात. कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली असून पगाराची स्लिप देणे मालकाचे कर्तव्य आहे.

तेव्हा नोकरीच्या पहिल्या दिवशीच नेमणूकपत्र मागा. पगार स्वतःच्या खात्यात घ्या. दरमहा स्लिप जपून ठेवा. फंड कापला जात असेल तर त्याचे पासबुक तपासत राहा. हाती येते त्याहून जास्त रकमेवर सही करू नका. एकटीला हे जमणार नाही; पाचजणी मिळून मागा, गटाला सोबत घ्या.

आणि हे फक्त परदेशी जाणाऱ्यांचे नाही. काजू फोडणारी, मासळी सोलणारी बाई कुठे जाणार नसेल, पण ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा, थकलेला पगार मागताना तिलाही हाच कागद लागतो. परदेशच्या कचेरीने विचारण्याआधी आपण एकमेकींना विचारू या: तुझ्या कामाचा कागद तुझ्याकडे आहे का?